पिवळा ठिपका

देवळाली प्रवरा,
१२ जानेवारी २०२६

ती. सहादूमामांना,
सप्रेम जयभीम.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत, "पुलावर तुझं काम नेमकं काय हाय?" मामा, खरं सांगते, याचं उत्तर मला देता येत नाही. इथे प्रत्येक जण काहीतरी करताना दिसतो. गहिनीनाथ फोरमन आणि त्यांचे फिटर बोल्ट आवळतात. क्रेनवाला तक्ते उचलतो. तुम्ही पाठवलेले काकासाहेब हातोडीनं रिबिटं, म्हणजे तुळया जोडणारे जुने खिळे, वाजवून तपासत फिरतात. मी रजिस्टर घेऊन या सगळ्यांच्या मागे असते. तुम्ही तीस वर्षं पुलांवर काढलीत. तुमच्या मागे असं रजिस्टर घेऊन फिरणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते कळवा. चांगलं असेल तरच कळवा.

पुलाचा सांगाडा जुना पण दणकट आहे. वरचा रस्ता मात्र पार गेला होता. तो फोडून काढला, आता खालच्या तुळया उघड्या आहेत. सांध्यांतली ढिली रिबिटं काढून तिथं बोल्ट घालायचे आणि वर नवे पोलादी तक्ते बसवायचे. तक्ता एकदा बसला की खालचा सांधा कुणाला दिसत नाही. म्हणून पद्धत अशी आहे की सांधा पक्का झाला की फिटर त्यावर खडूनं 'बंद' लिहितो. मी ते रजिस्टरात उतरवते, सही करते, आणि मगच तक्ता येतो. म्हणजे मी सही करते. एवढंच बहुतेक माझं काम.

घाई फार आहे. हंगाम चालू, उसाच्या गाड्यांना लांबून वळसा पडतो. ड्रायव्हर लोक बांधावरून ओरडतात, "म्याडम, आमची पोरं लग्नाला आल्यावर उघडनार का पूल?"

एक गंमत सांगते. जेवणाच्या सुट्टीत मी गँगमधल्या लोकांना अक्षरं शिकवते. काकासाहेब पहिल्या दिवसापासून पाटी घेऊन बसतात. परवा शनिवारी संध्याकाळी मी शेवटची फेरी मारत होते, तर सात, नऊ आणि अकरा नंबरच्या सांध्यांवर पांढऱ्या खडूत मोठ्या थरथरत्या अक्षरांत 'बद' लिहिलेलं! आजवर ते नुसत्या खुणा करायचे, पक्क्या सांध्याला रेघ, ढिल्याला फुली. आता रेघेऐवजी शब्द! मला इतका आनंद झाला. अनुस्वार तेवढा विसरले होते. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत चूक दाखवायला नको म्हणून मी गुपचूप माझ्या पिवळ्या खडूनं तिन्ही ठिकाणी ठिपका दिला. रजिस्टरातही चढवलं.

आई बरी आहे. विहारात, पदवी मिळाली तेव्हाच्या माझ्या सत्काराचा फोटो लावलाय, तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मला लाज वाटते, पण बरंही वाटतं.

तुमची भाची,
प्रज्ञा


मु. पो. पाथर्डीजवळ,
१९ जानेवारी २०२६

चि. प्रज्ञास,
जयभीम. आशीर्वाद.

तुझं पत्र शनवारी आलं. ते 'बंद' न्हाई पोरी. ते 'बद' हाय.

तुझी आई माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघती का न्हाई? चांगला माठ टन्न वाजतो. चिरलेला बद वाजतो. रिबिटाचं बी तसंच. ढिलं रिबीट बद वाजतं. आमच्या गँगमधी काकासायेब वाजवायचा आन् लिवता येनारा मी एकटा, म्हनून मी खडूनं 'बद' लिवायचो. बद म्हंजे काढून टाका. त्यानं माझं अक्षर वीस वरसं बघितलंय. त्येच आठवून लिवलं आसंल त्यानं. आयुष्यात पयला शबुद लिवला, आन् तू त्याच्यावर ठिपका दिलास.

मला कानानं आता काईच ऐकू येत न्हाई, तुला ठावं हाय. म्हनून पोराला, नितीनला, रविवारी सुप्याहून तुला फोन करायला लावला. कंपनीच्या गेटावरून केला त्यानं. मागं मशिनी चालू. तो म्हनला, "ताईला सांगितलं, ते बद हायती. ताई म्हनली, हो हो, बंदच आहेत, काळजी करू नका." फोनवर बद काय आन् बंद काय. म्हनून स्पीड पोस्टानं लिवतो.

तक्ते बसले आसतील तरी उचलायला लाव. तिन्ही. कुनी काय बोललं तर माझं नाव सांग, पर उचलायला लाव.

तुझा मामा,
सहादू


देवळाली प्रवरा,
२७ जानेवारी २०२६

ती. मामांना,
जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. काळजी करू नका.

बावीस तारखेला खडीनं भरलेले दोन ट्रक पुलावर चालवून चाचणी घेतली. सात नंबरचा सांधा सरकला आणि तक्ता दोन इंच बसला. कुणाला लागलं नाही. तक्ता उचलून मी स्वतः खाली उतरून पाहिलं. तिथे 'बंद' लिहिलेलं होतं आणि ठिपका काकासाहेबांच्याच हातचा होता. मी ज्यांवर ठिपके दिले ते सांधे दुसरे होते, माझ्या पत्रात नंबर चुकले. ते सगळे नीट आहेत.

सातवा दुरुस्त झाला. कंपनीनं काकासाहेबांना घरी पाठवलं. वयही झालंय त्यांचं. मला वाईट वाटलं, पण नियम नियम असतो.

वीस फेब्रुवारीला पूल उघडणार आहे. काम खूप आहे, म्हणून पत्र छोटं.

प्रज्ञा


मु. पो. पाथर्डीजवळ,
७ फेब्रुवारी २०२६

चि. प्रज्ञास,
जयभीम.

तुझं पत्र वाचलं आन् जीव भांड्यात पडला. तुझी चूक न्हवती म्हनून.

परवा काकासायेब आल्ता. संगं त्याची बायकू कडूबाई. कडूबाईनं पाटीवर खुना करून, हातवारे करून मला समदं सांगितलं, बाकी मी व्हटांवरनं वळखलं. जरा खालीवर आसंल, मला ऐकू येत न्हाई.

चाचनीच्या दिशी म्हनं तुमच्या कंपनीचा तो राधाकृष्ण सायेब चाळीस मानसांम्होरं त्याच्यावर आरडला, "काय लिहिलं होतंस रे सांध्यावर?" हा म्हनला, "सायेब, मी बद लिवलं व्हतं." सायेब म्हनला, "तेच तर म्हणतोय मी, बंद लिहिलंस!" हा परत म्हनला, "व्हय, बदच." आन् समदी गँग हसली. मंग सायेबानं तुला रजिस्टर वाचाया लावलं. तू वाचलंस, बंद. त्यावर हा म्हनला, "म्याडमनी वाचलंय तर तसंच आसंल."

पूल बसल्याचं त्याला तितकं न्हाई. त्याला लागलंय ते येगळंच. म्हनतो, म्याडम रोज सांगायच्या, टिंब इसरू नगा, टिंब इसरू नगा. लिवता लिवता मीच दिलं आसंल टिंब. फुली मारली आसती तर पूल बसला नसता. लिवायच्या नादानं मानसं मेली आसती.

कडूबाईला तर त्वांडच फुटलं. म्हनली, "ह्या वयात पाटी घिऊन बसलं, आन् सरकारचा पूल बसवून आलं!" ती हसत हुती पर डोळं पुसत हुती.

मी तुझं पत्र खिशातून काढलं आन् त्याला दावलं. म्हनलं, बघ, प्रज्ञानं सोता खाली उतरून बघितलंय, ठिपका तुझ्याच हातचा हाय. आता पुरं कर, घरी बस. त्यानं पत्राकडं लई येळ बघितलं. मंग पाटी माझ्याकडं ठिवून गेला. म्हनला, तुझ्या नातीला दे.

मी तुला खोटी कशी पाडू? तू लिवलंस तेच सांगितलं.

तुझा मामा,
सहादू


देवळाली प्रवरा,
१८ फेब्रुवारी २०२६

ती. सहादूमामांना,
सप्रेम जयभीम.

हे पत्र बसून वाचा.

सत्तावीस तारखेच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. ठिपका माझा होता. तिन्ही ठिपके माझे होते. नंबर चुकले नव्हते.

काकासाहेबांनी शनिवारी संध्याकाळी 'बद' लिहिलं, ते सोमवारी सकाळी फिटरांनी वाचून रिबिटं काढावीत म्हणून. मध्ये मी गेले आणि 'बंद' केलं. सोमवारी फिटर आले, 'बंद' वाचलं, पुढे गेले. मंगळवारी तक्ते बसले. नितीनचा फोन आला तेव्हा मला वाटलं तो बोल्टांचंच विचारतोय. चाचणीत सातवा बसला तेव्हाही मला खरंच वाटत होतं की चूक काकासाहेबांची आहे. त्यांनी "बद" म्हटलं ते मी ऐकलं, आणि मनातल्या मनात त्यांचा उच्चारही दुरुस्त केला. तोपर्यंत मी अडाणी होते असं म्हणता येईल.

तेवीसला तुमचं स्पीड पोस्ट आलं. त्यानंतरचं मात्र तसं म्हणता येणार नाही.

चोवीसला सातवा तक्ता उचलला. मी म्हणाले, आधी मी उतरते. खाली ना ऊन पोचलं होतं, ना धूळ. पांढऱ्या खडूत 'बद', आणि वर पिवळा ठिपका, जसा दिला तसा. एवढा नीट, गोल ठिपका. मी तो किती काळजीनं दिला होता ते आठवलं. वरून गहिनीनाथभाऊ विचारत होते, "म्याडम, काय लिवलंय?" माझ्या दुपट्ट्याचा पदर हातात होता. मी सगळं पुसलं. पांढरं पिवळं एक झालं. मग वर तोंड करून म्हणाले, "बंदच लिहिलंय."

का पुसलं ते मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. मला विहारातला फोटो दिसत होता. सत्काराच्या दिवशी मी माइकवर म्हणाले होते की शिकलेल्या माणसानं आपली चूक कबूल करायला घाबरू नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या लंकाबाईंनी तर आपल्या सुनेला कोपरानं ढोसलं, "ऐक, ऐक." ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि हात पुसत होता.

मग नऊ आणि अकरा. ते दोन्ही सांधे तक्त्यांखाली तसेच होते. ट्रक त्यांच्यावरून गेले आणि काही झालं नाही, म्हणून मी स्वतःला सांगितलं की काही होणार नाही. रोज सकाळी पुलावर गेले की मी त्या दोन तक्त्यांवर पाय न ठेवता पलीकडे जायचे. गँगमधल्या एकानं विचारलंही, "म्याडम, तितं काय साप हाय का?" मी हसले. आणि वीस तारखेला त्याच तक्त्यांवरून उसाच्या गाड्या जाणार होत्या, सायकलवरची शाळेची पोरं जाणार होती. हे मला माहीत होतं, आणि एकोणीस-वीस दिवस मी जेवत होते, झोपत होते.

तुमचं सात तारखेचं पत्र बारा तारखेला दुपारी मिळालं. काकासाहेबांनी माझं पत्र हातात धरून बराच वेळ पाहिलं, हे वाचून मी थांबले. आता त्यांना अक्षरं लागतात. माझीच शिकवण. माझ्या हस्ताक्षरातलं खोटं त्यांनी एक-एक अक्षर लावून वाचलं असणार.

त्या दिवशी चारच्या चहाला सगळी गँग पुलाच्या तोंडाशी बसली होती. राधाकृष्ण साहेबही होते. काकासाहेबांची फजिती जितक्या माणसांपुढे झाली तितक्यांपुढेच बोलायचं, एवढंच ठरवलं होतं. वाक्यं धड येईनात. म्हणून माझी शिकवायची पाटी घेतली. पांढऱ्या खडूनं 'बद' लिहिलं. पिवळ्या खडूनं वर ठिपका दिला. म्हणाले, "पांढरं त्यांचं, पिवळं माझं. नऊ आणि अकराखाली अजून असंच आहे."

गहिनीनाथभाऊंनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे म्हातारं बराबर हुतं, आन् आमी हसलो."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. सातवा तर दुरुस्त झालाय, तारीख जाहीर झालीय, चाचणी झालीय, उगाच आता कशाला, तुझंच करियर जाईल, असं बरंच बोलले. ते वाईट माणूस नाहीत, घाबरलेले आहेत. मीही तशीच होते, म्हणून मला ओळखता आलं. मी खात्याच्या उपअभियंत्यांना लेखी निवेदन दिलं. पुसल्याचंही लिहिलं. पंधराला दोन्ही तक्ते उचलले.

त्याआधी, तेराला, मी काकासाहेबांकडे गेले. एसटी तुमच्या फाट्यावर थांबली होती मामा. दोन बायका उतरल्या, एक चढली. मला उतरायचा धीर झाला नाही. खिडकीतून तुमच्या घराचे पत्रे दिसले, मी मान फिरवली.

काकासाहेब दारात दोरी वळत बसले होते. मला बघून उठले, खाट झटकली. "म्याडम, तुमी? च्या टाक गं." मी खाटेवर बसले नाही. उभ्यानंच निवेदनाची नक्कल वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. 'पुसून टाकले' या शब्दापाशी मी थांबले, तेव्हा ते म्हणाले, "वाचा की. थांबू नगा."

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ठिपका कुटं दिला ते दावा." मी अंगणातल्या फरशीवर लिहून दाखवलं. ते वाकले, अंगठ्याला थुंकी लावली आणि ठिपका तेवढा पुसला. मग एक-एक अक्षरावर बोट ठेवून वाचलं, "ब. द." आणि कडूबाईंकडे बघून म्हणाले, "मी लिवलं हुतं. बराबर लिवलं हुतं."

कडूबाई आतून म्हणाल्या, "मंग काय आता कलेक्टर व्हायाचं राह्यलंय?" पण चहाची कपबशी त्यांनी माझ्यापुढे आपटली. मला म्हणाल्या, "तुमी आमच्या मानसाचं जेवान तोडलं बाई. तीन हप्ते मानूस भाकरीकडं बघत न्हवता." मी म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार होते?

काकासाहेबांनी माफ केलं का, मला कळलं नाही. मी मागितली तेव्हा ते दोरी वळत राहिले. कामावर परत यायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "त्या सायबाचं त्वांड बघायचं न्हाई." पण तक्ते उचलणार कळलं तेव्हा पंधराला सकाळच्या पहिल्या गाडीनं ते हातोडी घेऊन हजर. गहिनीनाथभाऊ म्हणाले, "काका, येनार न्हवता ना?" तर म्हणतात, "सायबावर राग हाय. रिबिटाचं काय चुकलं?"

नवव्या सांध्याच्या एका बाजूला त्यांनी बोट ठेवलं, दुसऱ्या बाजूनं हातोडी मारली. मग मला म्हणाले, "हितं बोट ठिवा." मी ठेवलं. मामा, इतके महिने मी त्यांच्या मागे फिरले, पण एकदाही बोट ठेवून पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मारलं. माझ्या बोटाखाली काहीतरी हललं, आणि आवाज असा आला, जसा चिरलेल्या माठाचा. काकासाहेब माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय वाजलं?" त्यांनी विचारलं.

"बद," मी म्हणाले.

अकराव्यातली दोन रिबिटं नुसत्या चिमट्यानं निघाली. सहा नवे बोल्ट पडले. पूल आता मार्चमध्ये उघडेल. उसाच्या गाडीवाले मला बांधावरून आता वेगळंच काही बोलतात, ते लिहीत नाही.

आईला मी स्वतः सांगितलं. ती भांडी घासत होती. मग एवढंच म्हणाली, "सहादूदादाला तू खोटं लिवलंस?" पूल, नोकरी, फोटो, कशाचंच काही नाही. तिला तेवढं लागलं.

तुम्ही काकासाहेबांना 'आता पुरं कर' म्हणालात ते माझ्या शब्दावर विसंबून. तो दोष तुमचा नाही, माझा आहे. पाटी नातीला दिली नसेल तर त्यांना परत द्या. दिली असेल तर मी नवी पाठवते.

मला साइटवरून काढलं आहे. चौकशी होईल, पुढे काय ते कळेल. काल सकाळी मी रजिस्टर गहिनीनाथभाऊंच्या ताब्यात दिलं. देण्याआधी जानेवारीतल्या त्या दिवसाचं पान उघडलं. सात, नऊ आणि अकरापुढचं 'बंद' एकेका रेघेनं असं खोडलं की खालचं वाचता येईल. शेजारी 'बद' लिहिलं. तपासणाऱ्याच्या रकान्यात काकासाहेबांचं नाव होतं तसंच ठेवलं, आणि खाली, चूक करणाऱ्याचं म्हणून, माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

तुमची,
प्रज्ञा